श्रीनाथांची लेखणी

श्रीज्ञानदेव, श्रीनामदेव, श्रीएकनाथ आणि श्रीतुकोबाराय या चौघांच्या आधाराने आपल्या वारकरी पंथाचा मंडप उभा आहे, हे लहानथोर सर्व जाणतात. यांपैकी नाथमहाराजांचे चरित्र सांगावयाचे म्हटले की आम्ही कीर्तनकार मंडळी बहुधा त्यांची शांती वर्णन करतो. अंगावर पुनःपुन्हा थुंकणाऱ्या मनुष्यामुळे पुनःपुन्हा गोदास्नान घडले म्हणून त्याचेच आभार मानणारे नाथ, रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घालणारे नाथ, वाळवंटात पोळणारे हरिजनाचे मूल कडेवर उचलून घेणारे नाथ, या कथा श्रोत्यांना मुखोद्गत आहेत. पण नाथांच्या चरित्राचा एक भाग असा आहे की तो कीर्तनात क्वचितच रंगतो. तो म्हणजे त्यांची लेखणी. त्यांच्या हाती टाळ होता, पूजेची पळी होती, तसाच आयुष्यभर बोरूही होता. आज घरोघरी मुले काचेवर बोट फिरवून लिहितात आणि वहीला धूळ चढते आहे. अशा काळात नाथांचे चरित्र त्यांच्या लेखणीच्या अंगाने सांगावे, असा या लेखाचा संकल्प आहे.

श्रीक्षेत्र पैठण येथे शके १४५५ च्या सुमारास, म्हणजे इ. स. १५३३ च्या आसपास, नाथांचा जन्म झाला. कुळ मोठे पुण्यवान. विजयनगरास गेलेली श्रीविठ्ठलमूर्ती पंढरीस परत आणणारे भानुदासमहाराज ते याच कुळातले, नाथांचे पणजे. भानुदासांचे पुत्र चक्रपाणी, चक्रपाणींचे सूर्यनारायण आणि सूर्यनारायण व रुक्मिणी या दांपत्याचे पुत्र एकनाथ. आईबापांचे छत्र बाळपणीच हरपले. आजा चक्रपाणी आणि आजी यांनी नातवाला वाढविले, मुंज केली, अध्ययनास बसविले. बुद्धी तीव्र, पण नुसत्या पाठांतराने समाधान होईना. बारा वर्षांच्या सुमारास हा मुलगा घर सोडून देवगिरीस निघाला आणि श्रीजनार्दनस्वामींच्या चरणी लागला.

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे. निजामशाहीत देवगिरी किल्ल्याचा कारभार त्यांच्याकडे होता आणि अंतरी दत्तप्रभूंचा ध्यास होता. किल्ल्याचा अधिकारी आणि परमार्थाचा अधिकारी एकाच देही नांदत होता. नाथ तेथे सहा वर्षे राहिले. पाणी भरले, पूजेची तयारी केली, गुरूंच्या मुखातून ज्ञानेश्वरी व भागवत ऐकले. आणखी एक सेवा त्यांच्याकडे आली, ती दप्तराची. किल्ल्याचा जमाखर्च लिहिणे, बाक्या काढणे, ताळा जुळविणे.

त्या काळचे लिहिणे म्हणजे काय होते, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. देवगिरीहून जवळच कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीस आणली त्या काळापासून तेथे हातकागद होत आला, असे सांगतात. चिंध्या कुजवून, कुटून त्यांचा लगदा करावा, तो जाळीवर धरावा, वाळवावा, गुळगुळीत दगडाने घोटावा, तेव्हा एक ताव तयार. काजळी आणि डिंक खलून शाई. वेताचा किंवा बोराचा नव्हे बरं का, बोरूचा कलम, त्याचे टोक चाकूने तासावे, चार ओळी लिहाव्या, पुन्हा दौतीत बुडवावे. हिशेब मोडीत, पोथी बाळबोधीत. चुकले तर पिवळी हरताळ फासून अक्षर झाकावे आणि त्यावर पुन्हा लिहावे. एखाद्या कामावर हरताळ फासला असे आपण बोलतो ना, तो शब्द या पोथ्यांतून आलेला आहे. अशा लिहिण्याला श्रम पडत, म्हणून लिहिणारा आधी विचार करी आणि मग कलम टेकवी.

आता ती प्रसिद्ध रात्र. जमाखर्च लिहिता लिहिता एका पैचा ताळा जुळेना. एक पै म्हणजे केवढी? किल्ल्याच्या उलाढालीत कोणाच्या ध्यानीही आली नसती. पण नाथांनी दिवा लावला आणि पहिल्या पानापासून एकेक रक्कम तपासावयास आरंभ केला. मध्यरात्र उलटली. दिव्याचे तेल सरत आले, पुन्हा घातले. शेवटी ती चूक सापडली आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजविली. स्वामी जागे होऊन पाहतात तो शिष्य एकटाच हसतो आहे. कारण कळल्यावर स्वामींनी बोध केला की एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग जन्मोजन्मीच्या हिशेबातली चूक सापडली तर केवढा होईल. चित्ताची ही एकाग्रता भगवंताकडे लाव, असा त्यांचा आशय.

कीर्तनात ही कथा येथे संपते आणि श्रोते माना डोलावतात. पण वाचकहो, ही पै येथे संपत नाही. पुढे कित्येक वर्षांनी तिचे व्याज महाराष्ट्राला मिळाले. ते कसे, ते पुढे येईल.

गुरुकृपा झाल्यावर गुरुशिष्य तीर्थयात्रेस निघाले. त्र्यंबकेश्वरी स्वामींच्या आज्ञेने नाथांनी चतुःश्लोकी भागवतावर ओवीबद्ध टीका लिहिली. मूळ श्लोक चार, टीकेच्या ओव्या एक हजारांवर. हा त्यांचा पहिला ग्रंथ. पुढे तीर्थे करून नाथ पैठणास परतले. वृद्ध आजाआजी वाट पाहत होते. गुरूंची आज्ञा गृहस्थाश्रम करण्याची होती, म्हणून गिरिजाबाईंशी विवाह झाला. घर, अतिथी, पूजा, पुराण, रात्री कीर्तन आणि यांत ग्रंथलेखन, असा क्रम लागला. अरण्यात जाऊन लिहिले असते तर कदाचित सोपे गेले असते. नाथांनी लिहिले ते भरल्या घरात, पाहुण्यांच्या पंगती उठत असताना.

श्रीमद्भागवताचा एकादश स्कंध म्हणजे भगवंताने उद्धवास केलेला शेवटचा उपदेश. त्याच्या एकतीस अध्यायांवर नाथांनी मराठी टीका आरंभिली. परंपरा अशी सांगते की, पहिल्या अध्यायांची नक्कल करून घेऊन एक भाविक काशीस गेला आणि मणिकर्णिकेवर बसून वाचू लागला. प्राकृतात भागवत, हे ऐकून तेथील पंडित खवळले. नाथांना बोलावणे गेले. नाथ काशीस गेले आणि उरलेला ग्रंथ त्यांनी तेथेच पुरा केला. शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, तो सिद्ध झाला. ओव्या अठरा हजारांहून अधिक. त्याआधी दोन वर्षे, शके १४९३ मध्ये, काशीतच रुक्मिणीस्वयंवर लिहून झाले होते. ज्यांनी विरोध केला त्यांनीच ग्रंथ वाचल्यावर त्याची मिरवणूक काढली, असे चरित्रकार सांगतात.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तो ग्रंथ पैठणहून काशीस पोचला तो कोणाच्या तरी हाताने. ज्याने नक्कल केली त्याचे नाव आपल्यापाशी उरले नाही, पण त्याच्या बोटांनी ओवी न ओवी गिरविली म्हणून काशीत वाद झाला, वाद झाला म्हणून नाथ तिकडे गेले आणि गेले म्हणून काशीत भागवताची समाप्ती झाली. एका अनामिक लेखकाच्या श्रमातून हे सर्व घडले.

आता त्या एका पैचे व्याज. श्रीज्ञानेश्वरमाउलींनी शके १२१२, इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे गीतेवर भाष्य सांगितले. सच्चिदानंदबाबांनी ते आदराने लिहून घेतले. ओव्या नऊ हजारांच्या घरात. त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे ज्ञानेश्वरी हातोहात लिहिली गेली. एकाची प्रत दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने. लिहिणारे भाविक होते, पण सगळेच सावध नव्हते. कोणाची दृष्टी एका ओळीवरून तशाच शब्दाच्या दुसऱ्या ओळीवर घसरली आणि मधली ओवी गळाली. कोणाला ‘घ’चा ‘ध’ दिसला. कोणाला माउलींचा जुना शब्द कळला नाही, त्याने आपल्या गावचा सोपा शब्द बसविला. आणि एखाद्या पुराणिकाला भरते आले, त्याने स्वतःची ओवी मध्ये घातली. पुढच्या नकलाकाराला काय ठाऊक? त्याने ती माउलींचीच म्हणून उतरविली. अशी भर पडत पडत, घट होत होत, प्रतीप्रतींत अंतर पडले.

परंपरेतील कथा अशी आहे की, नाथांचा कंठ दुखू लागला, माउलींनी स्वप्नात दर्शन देऊन सांगितले की अजानवृक्षाचे मूळ आमच्या गळ्याला लागले आहे, आळंदीस येऊन ते दूर कर. नाथ आळंदीस गेले, समाधीचा शोध लावला, मूळ काढले. भाविकांनी ही कथा जशी ऐकली तशी मानावी. पण तिच्यात आणखी एक अर्थ दिसतो. माउलींच्या कंठाला लागलेले मूळ म्हणजे त्यांच्या शब्दांना वेढून बसलेले हे अपपाठ. समाधीस्थानी लागलेले मूळ एका दिवसात काढता आले. ग्रंथातले मूळ काढावयास अक्षर अक्षर पाहावे लागले.

नाथांनी जुन्या प्रती मिळविल्या, एकापुढे एक मांडल्या आणि ओवी ओवी ताडून पाहिली. किल्ल्यावर ज्या डोळ्यांनी एक पै शोधली त्याच डोळ्यांनी आता एकेक काना, मात्रा, शब्द तपासला. हिशेबाची वही आणि ब्रह्मविद्येची पोथी यांत नाथांनी भेद केला नाही. दोन्हीकडे ताळा जुळलाच पाहिजे. शके १५०६, तारण नाम संवत्सर, इ. स. १५८४, भाद्रपद वद्य षष्ठी, या दिवशी हे शुद्धीकरण पूर्ण झाले. आपण जी ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो ती याच तिथीस. म्हणजे पाहा, ग्रंथ शुद्ध झाला त्या दिवसाला महाराष्ट्राने ग्रंथाचा जन्मदिवस मानले.

या कामात नाथांचा मोठेपणा कशात आहे? त्यांनी काय लिहिले यापेक्षा त्यांनी काय लिहिले नाही, यात तो अधिक दिसतो. स्वतः हजारो ओव्यांचे कर्ते. काशीच्या पंडितांनी गौरविलेले. ज्ञानेश्वरीत दहा-वीस ओव्या आपल्या घातल्या असत्या तर ओळखणारा कोण होता? पण ग्रंथात त्यांनी आपला एक शब्द मिसळला नाही. अखेरीस मोजक्या ओव्यांत एवढेच नोंदविले की ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरांनी तो मिसळला होता, तो शोधून निवडला. आणि जो कोणी यात आपली ओवी घालील तो अमृताने भरलेल्या ताटात करवंटी ठेवील, अशा अर्थाची ताकीद देऊन ठेवली. आपला हात कोठे थांबला पाहिजे हे ज्याला कळते त्याच्याच हाती पोथी शोभते.

उतारवयात नाथांनी भावार्थरामायण हाती घेतले. युद्धकांडाच्या चव्वेचाळीस अध्यायांपर्यंत ते आले आणि अवतारसमाप्तीचा काळ जवळ आला. उरलेला ग्रंथ कोण पुरा करणार, अशी शिष्यांना चिंता पडली. नाथांनी बोट दाखविले ते गावबाकडे. हा गावबा कोण? पुरणपोळीच्या आवडीने नाथांच्या घरी राहिलेला, लोक ज्याला वेडा म्हणत तो. पण वर्षानुवर्षे नाथांच्या जवळ बसून त्याने पाहिले होते, ऐकले होते. त्याने पुढचा भाग लिहून रामायण पूर्णतेस नेले. पंगतीला बसणाऱ्याला नाथांनी लेखणीचा वारस केले. शके १५२१, फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीच्या पात्रात देह ठेवला. तीच आपली नाथषष्ठी.

आपल्या संप्रदायाने लिहिणाऱ्याचा कधी विसर पडू दिला नाही. जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे, त्यात कोणत्या संताचे बोल कोणी लिहिले याची यादीच दिलेली आहे. ज्ञानदेवांचे चिदानंदबाबांनी, निवृत्तिनाथांचे सोपानांनी, मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, सावतामाळ्यांचे काशिबा गुरवांनी. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहिले. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही त्यांचे शब्द एका ब्राह्मणाने आपल्या हाताने लिहिले, हे त्या काळात केवढे! आणि जनीचा लेखक तर प्रत्यक्ष पांडुरंग. देवालाही कलम धरावे लागले, मग आपणास लाज कशाची? पुढे तुकोबारायांचे अभंग चाकणच्या संताजी जगनाड्यांनी वहीत उतरविले. घाण्यावर तेल काढणारे हात ते, पण त्यांची वही आजही अभ्यासक आदराने पाहतात.

आणि आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या वाचकांनी तर ही गोष्ट काळजात कोरून ठेवावी. कयाधूकाठची नरसी हे श्रीनामदेवमहाराजांचे जन्मस्थान म्हणून आपण तेथे माथा टेकतो. परतवारीच्या एकादशीस तेथे केवढी दाटी होते! नामदेवराय उत्तरेस पंजाबापर्यंत गेले, तेथल्या बोलीत पदे गायिली. नाथांच्या समाधीनंतर चार-पाच वर्षांनी, इ. स. १६०४ मध्ये, शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला. तो आपल्या हाताने लिहिला भाई गुरदास यांनी. त्यात नामदेवांची एकसष्ट पदे आली. पैठणला एक हात ज्ञानेश्वरी शुद्ध करीत होता आणि त्यानंतर वीस वर्षांनी अमृतसरला दुसरा हात नरसीच्या नामदेवांची पदे जपत होता. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. परंतु दोघांच्या मनात भाव एकच होता की संतांच्या शब्दाला धक्का लागता कामा नये.

पुढे छापखाने आले. इ. स. १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी प्रथम शिळाप्रेसवर छापली गेली, बाळशास्त्री जांभेकरांनी ते काम केले. ग्रंथ गरिबाच्या घरी गेला, हा छापखान्याचा उपकार. आता तर गाथा, ज्ञानेश्वरी, भागवत सारे खिशातल्या मोबाइलमध्ये मावते. वाटचालीत दिंडीतल्या वारकऱ्याला पाहिजे तो अभंग क्षणात काढता येतो. याला नावे ठेवण्याचे कारण नाही. नाथ आज असते तर जुन्या प्रतींची छायाचित्रे त्यांनी आनंदाने पडद्यावर ताडून पाहिली असती.

पण अडचण कोठे आहे ती पाहा. मोबाइलवर एक अभंग येतो. चरण एका संताचा, शेवटची मुद्रा दुसऱ्याची, मधले एक कडवे कोणा आधुनिक कवीचे. ज्याला आला त्याने न वाचताच पुढच्या पन्नासांना पाठविला. तासाभरात तो गावोगाव गेला. आठ दिवसांनी तरुण कीर्तनकार व्यासपीठावर तोच निरूपणाला घेतो आणि श्रोत्यांत बसलेला जुना टाळकरी शेजाऱ्याकडे पाहतो.

कोणी विचारील, महाराज, चुका तर हाताने लिहिण्यातही होत होत्या, नाथांना शुद्धीकरण का करावे लागले? शंका रास्त आहे, तिचे उत्तर दिले पाहिजे. हाताने चुका होत, हे खरे. पण हाताने लिहिणाऱ्याला प्रत्येक अक्षरापाशी थांबावे लागे. नऊ हजार ओव्या उतरवावयाच्या म्हणजे नऊ हजार वेळा चित्त त्या शब्दावर आणावयाचे. त्यात जो सावध असे त्याला चूक दिसे. बोटाच्या एका टिचकीने पुढे ढकललेल्या मजकुरावर कोणाचेच चित्त बसत नाही, मग चूक दिसणार कोणाला? त्या दिवशी हिशेबाची वही नाथांनी फक्त दुसऱ्याकडे सरकविली असती तर ती पै आजवर सापडली नसती.

हे केवळ आम्हा जुन्यांचे म्हणणे नाही. नॉर्वे देशातील ट्रॉनहाइम येथील विद्यापीठात छत्तीस विद्यार्थ्यांच्या मेंदूतील हालचाली तपासल्या, त्याचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताने अक्षर वळविताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांचे परस्परांशी दळणवळण, कळ दाबून लिहिताना होते त्याहून पुष्कळ अधिक व्यापक आढळले. आणि गंमत अशी, की ते विद्यार्थीही काचेच्या पडद्यावरच लिहीत होते, पण लेखणीने, अक्षर वळवून. तेव्हा कागद की काच, हा मुख्य प्रश्न नाही. हात अक्षरावरून फिरतो की नाही, हा आहे. पाठशाळेत आमच्या गुरुजींनी सूत्र मुखोद्गत झाल्यावरही ते लिहावयास लावावे, त्यामागे हाच अनुभव होता.

म्हणून भाविकांना विनंती आहे. घरात एक कोरी वही आणा, तिला पोथीसारखे वस्त्र गुंडाळा. माउलींच्या हरिपाठाचा रोज एक अभंग सुवाच्य अक्षरात लिहा, महिन्याभरात हरिपाठ लिहून होतो. ज्यांना अधिक उत्साह आहे त्यांनी ज्ञानेश्वरीच्या रोज पंचवीस ओव्या लिहाव्या, वर्षाला ग्रंथ पुरा होतो. लिहून झाले की छापील शुद्ध प्रतीशी ताडावे, नातवाला शेजारी बसवून त्याच्याकडून ताडवून घ्यावे. चूक निघाली तर रागावू नये. त्या मुलाने टाळी वाजविली तर आपणही वाजवावी, कारण ती टाळी देवगिरीवरची आहे. तरुण कीर्तनकारांनी निरूपणाचा अभंग मोबाइलवरून जरूर शोधावा, पण गाथ्याशी पडताळून, स्वतःच्या हाताने वहीत उतरवून मगच व्यासपीठावर न्यावा. उतरविताना त्यातला एखादा शब्द अडतो, आणि जेथे शब्द अडतो तेथेच बहुधा निरूपण सापडते.

नाथांनी आपल्याला भागवत दिले, रामायण दिले, भारुडे दिली आणि शुद्ध ज्ञानेश्वरी हाती ठेवली. एवढे मोठे धन ज्या हाताने दिले त्या हाताचा वसा थोडा तरी आपल्या हाताने चालवावा, एवढीच श्रीचरणी प्रार्थना. पुंडलीक वरदा हरी विठ्ठल. श्रीज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय.